कालिन्यातले बफ बॉल नूडल्स: गोळ्याला पैकीच्या पैकी, नूडल्स काठावर पास

आधीच सांगते, हॉटेलचं नाव लिहिणार नाहीये. बोर्डावर तसंही 'नूडल्स मोमो सूप' यापलीकडे वाचता येण्यासारखं काही नाही, आणि दीदींनी (मालकीणबाई, सगळे त्यांना दीदीच म्हणतात) मला स्पष्ट सांगितलंय की खाऊन जा, लोकांना घेऊन या, पण इंटरनेटवर नाव नको, उगाच डोक्याला ताप. कसला ताप ते मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. सांताक्रूझ ईस्टला उतरून कालिना मार्केटची रिक्षा करा, तिथून चर्चच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये शिरा, संध्याकाळी सातनंतर लसूण तळल्याचा वास जिथून येईल तेच. टेबलं सहा, त्यातलं एक भिंतीला चिकटवलेलं म्हणून तिथे दोघंच बसतात, आणि नेमकं तेच पंख्याखालचं.

आणि हो, म्हशीचं आहे. मेनूवर बफ लिहिलंय तेच. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या कायद्यापासून आहे, बैल आणि वळू 2015 मध्ये त्यात आले (बिल 1995 चं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला वीस वर्षं गेली), म्हैस त्यात नाही. त्यामुळे इथे कोणी चढ्या आवाजात 'बीफ बॉल नूडल्स' म्हणालं तरी वाडग्यात म्हैसच येते. ज्यांना हेही चालत नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, ज्यांना चालतं त्यांनी मात्र नीट वाचा कारण इथे काय मागवायचं आणि किती वाजता जायचं यावर सगळं अवलंबून आहे.

कालिना-वाकोल्याला नॉर्थईस्टची मुलंमुली कित्येक वर्षं राहताहेत, एअरपोर्ट जवळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) जवळ, त्यामुळे मोमो-थुक्पा (थुक्पा म्हणजे तिकडचं नूडल सूप) काय, स्मोक्ड पोर्क काय, या भागात नवलाई नाही. पण बॉल नूडल्स म्हणजे पातळ स्वच्छ सूप, त्यात नूडल्स आणि वर मांसाचे घट्ट गोळे, हे मी तरी मुंबईत सहजासहजी कुठे बघितलेलं नाही, मोठ्या हॉटेलांत तर नाहीच. दीदी कालिम्पाँगच्या, आणि किचन सांभाळणारे त्यांचे मिस्टर कोलकात्याला टांग्र्यात एका चायनीज किचनमध्ये बरीच वर्षं काम करून आलेले. टांग्रा म्हणजे तिथली हाक्का चिनी लोकांची वस्ती, आधी चामड्याचे कारखाने होते मग हॉटेलं आली. आपण गाडीवर ज्यांच्या नावाने नूडल्स मागवतो तेच हे हाक्का, आणि बीफच्या गोळ्यांचं सूप मुळात हाक्का फेरीवाले विकायचे आणि त्यांच्याकडून ते दक्षिण चीनमधल्या शांतौकडच्या लोकांनी उचललं असं सांगतात. आता नाव शांतौचंच जास्त आहे. तिथून मग समुद्रामार्गे गेलेल्या लोकांबरोबर गोळे सगळीकडे पोचले, मलेशियात सेरेम्बान नावाचं शहर बीफ नूडल्ससाठी ओळखलं जातं, व्हिएतनामवाले फो नावाच्या त्यांच्या नूडल सूपमध्ये टाकतात, इंडोनेशियात बक्सो म्हणून गल्लोगल्ली गाड्या फिरतात. ओबामा लहानपणी जकार्त्यात राहायचे ना, 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून तिथे गेले तेव्हा भाषणात त्यांनी या बक्सोची आठवण काढली होती आणि पब्लिक नुसतं खूश.

असो, वाडग्याकडे येऊ.

पांढरा मेलामाइनचा खोलगट वाडगा, काठाला टवके उडालेले. सूप तपकिरी पण तळ दिसेल इतकं स्वच्छ, त्यावर तेलाचे छोटे छोटे थेंब, बारीक चिरलेली सेलेरीची पानं, कांद्याची पात, आणि लालसर तळलेला लसूण जो पहिल्या दोन मिनिटांतच कुरकुरीत असतो म्हणून फोटो काढत बसू नका. मुळ्याचे दोन जाड तुकडे, पारदर्शक होईपर्यंत शिजलेले. आणि सहा गोळे. दिसायला काही खास नाहीत, करड्या तपकिरी रंगाचे, एकसारखे गोलसुद्धा नाहीत, एखाद्याला शेपूट आलेलं असतं. चमच्याने कापायला गेलात तर चमचा घसरतो आणि गोळा शेजारच्याच्या ताटात, तेव्हा सरळ तोंडात घाला किंवा चॉपस्टिकने धरून अर्धा तोडा. दात टेकला की आधी तो दाद देत नाही, जोर लावला की एकदम तुटतो, तुटताना 'कच्' असा आवाज चक्क ऐकू येतो आणि आतून गरम रस सुटतो, जीभ भाजते, सावध राहा. अर्धा तोडलेला गोळा बघाल तर आत बारीक बारीक छिद्रं दिसतात आणि मधे मधे शिरेचे पांढरे कण, ते मुद्दाम ठेवलेले आहेत, चावायला मजा येते.

आता इथेच गोची होते. माझ्या ऑफिसातल्या एकीला मोठ्या हौसेने घेऊन गेले, ती मोहम्मद अली रोडवर वाढलेली, तिने एक गोळा खाल्ला आणि म्हणाली, "हे रबर आहे गं, नीट शिजलंय ना?" तिचं चुकत नाही, आपल्याकडे कोफ्ता किंवा कबाब चांगला कधी म्हणायचा, तर तोंडात घातल्यावर विरघळला की. गलौटी कबाबाचं सगळं कौतुक तेच आहे. या गोळ्याची परीक्षा बरोबर उलटी, तो जितका उसळेल तितका कारागीर भारी, आणि जो भुसभुशीत लागतो तो फसलेला. हे डोक्यात ठेवून गेलात तर दुसऱ्या गोळ्यापासून आवडायला लागेल, नाहीतर सहाच्या सहा गोळे होईपर्यंत तक्रारच चालू राहील. (तिने शेवटी चार खाल्ले आणि दोन मला दिले, मी काही वाईट वाटून घेतलं नाही.)

हा उसळा येतो कुठून ते मी मिस्टरांना विचारलं होतं, दुपारी गिऱ्हाईक नसताना. शांतौला मांडीचं मांस शिरा काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवतात आणि दोन हातांत दोन लोखंडी दांडे घेऊन कुटत राहतात, सुरीने चिरत नाहीत, कारण चिरलं की धागे तुटतात आणि कुटलं की ते धागे पिचून एकमेकांत गुंततात. मग मीठ. मिठामुळे मांसातलं मायोसिन नावाचं प्रोटीन सुटून बाहेर येतं, लगदा एकदम चिकट होतो, भांडं उलटं केलं तरी पडत नाही इतका, आणि मग कोमट पाण्यात सोडून हळूहळू तापवलं की त्या प्रोटीनची जाळी बनते जी पाणी आणि चरबी आत धरून ठेवते. अट एकच की हे सगळं होईपर्यंत मांस थंडगार राहिलं पाहिजे. कुटताना किंवा दळताना गरम झालं की प्रोटीन बिघडलं, चरबी सुटली, मग कितीही स्टार्च घाला गोळा ठिसूळच.

आता हे मुंबईत करायचं म्हणजे विचार करा. त्यांच्याकडे दांडे वगैरे नाहीत, सहा टेबलांच्या हॉटेलात ठोकळ्यावर धडाधड कुटायला लागले तर वरच्या मजल्यावरचे खाली येतील. मोठा मिक्सर आहे. पहाटे मांस आणायचं, साफ करून फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवायचं, मग बर्फाचा चुरा टाकत टाकत थोडं थोडं फिरवायचं, भांडं गरम लागलं की थांबायचं. शेवटी हातानेच परातीत आपटायचं, ते आपटणं मी बघितलंय, मिस्टरांचा दंड असा आहे की जिमवाल्यांनी लाजावं. मग मुठीत लगदा घेऊन दाबायचा, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, चमच्याने उचलून पाण्यात. म्हशीच्या मांसात चरबी कमी आणि रंग जास्त गडद, म्हणून ते थोडी चरबी वेगळी घालतात, आणि ती पांढरीशुभ्र असते, गाईच्या चरबीसारखी पिवळट नसते. जे लोक कोलकात्यात किंवा सिंगापूरला बीफचे गोळे खाऊन आलेत त्यांना इथला गोळा किंचित उग्र वाटेल, मला उलट तो जास्त मांसल वाटतो.

एप्रिल-मे मध्ये मात्र फरक पडतो, ते मान्य करायला हवं. लोडशेडिंग नसलं तरी त्या किचनमध्ये चाळीसच्या आसपास असणार, आणि तेव्हा खाल्लेले गोळे सरळ सांगायचं तर सैल होते, चवीला तेच पण तो 'कच्' नाही. दीदींना सांगितलं तर त्यांनी नाकारलं नाही, "गर्मी में ऐसाइच होता है" म्हणाल्या आणि बिलातून कोल्ड्रिंक काढून टाकलं. पाऊस सुरू झाला की परत जाग्यावर येतात. जून ते फेब्रुवारी बिनधास्त जा.

सूप. हाडं, भाजलेलं आलं, दालचिनी, चक्रीफूल, मुळा, बास, याच्यापुढे फार काही नसावं, आणि सकाळी चढवलेलं पातेलं रात्रीपर्यंत मंद आचेवर. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते: दुपारी बारा-साडेबाराला गेलात तर सूप पातळ आणि जरा भोळं लागतं, रात्री साडेनऊनंतर आटून खारट होतं, पाणी घालतात पण अंदाज चुकतो. संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात ते जमून येतं, तेव्हा मी शेवटचा घोट वाडगा उचलून पिते, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

टेबलावर एक काचेची बरणी असते, घरी केलेलं मिरचीचं तेल. त्याचा वास घेतल्यावर मला एकदम मालवणी बांगड्याचं तिखलं आठवलं आणि का आठवलं ते आधी कळेना. त्यात टिमूर असतं, दार्जिलिंग-नेपाळकडचं, चावल्यावर जीभ मुंग्या आल्यासारखी होते ते, आणि आपलं कोकणातलं तिरफळ हे त्याचं सख्खं चुलत भावंड आहे, सिचुआन पेपर पण त्याच खानदानातलं. ज्यांच्या घरी तिरफळ घालतात त्यांना हे तेल पहिल्या थेंबात आपलं वाटेल. अर्धा चमचा पुरे.

आणि शेजारीच लाल शेजवानची बाटली. इथे माझं आणि नवऱ्याचं कायमचं वाजतं. हा माणूस वाडगा समोर आल्या आल्या, एक घोट न पिता, त्यात शेजवान पिळतो. सात-आठ तास शिजलेलं सूप तीन सेकंदांत गाडीवरचं मंचाव सूप! त्याचं म्हणणं, चायनीज म्हटलं की लाल पाहिजे. खरं तर त्याला तरी काय बोलणार, आपल्या सगळ्यांची जीभ तशीच घडलीये, चिकन मंचुरियन तर मुंबईतच जन्माला आलं, 1975 मध्ये सीसीआयमध्ये (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-मिरचीत सोया सॉस घालून केलं असं सांगतात, आणि त्यानंतर कॉर्नफ्लोअरच्या ग्रेव्हीशिवाय चायनीज असतं हेच आपण विसरून गेलो. मला ट्रिपल शेजवान आवडतो, रात्री दोन वाजता स्टेशनबाहेर तर फारच आवडतो, पण तो तिथे. दीदी ती बाटली ठेवतात कारण नाही ठेवली तर लोक मागतात आणि तोंड वाकडं करतात. माझं मत विचाराल तर बाटली काउंटरखाली ठेवावी, मागणाऱ्यालाच द्यावी, निदान पहिला घोट तरी लोक साधा पितील.

नूडल्सबद्दल मात्र माझी खरीखुरी तक्रार आहे. एग नूडल्स बाहेरून येतात, त्यात वाईट काही नाही, पण गर्दीच्या वेळी ते आधीच उकडून चाळणीत ठेवलेले असतात आणि ऑर्डर आली की परत गरम पाण्यात बुडवून वाडग्यात, म्हणजे दोनदा शिजले, वर उकळतं सूप, म्हणजे तिसऱ्यांदा. तिसऱ्या गोळ्यापर्यंत नूडल्सचा लगदा व्हायला लागतो. गोळ्यावर एवढी मेहनत घ्यायची आणि नूडल्सना दीड मिनिट द्यायचं नाही हे मला कळत नाही, म्हणजे कळतं, किचनमध्ये दोनच माणसं आहेत, पण 260 रुपये दिल्यावर मी का समजून घेऊ. यावर दोन उपाय आहेत. एक, तीस रुपये जास्त देऊन चपटे राइस नूडल्स घ्या, शुक्रवार ते रविवार असतात, ते ऑर्डरनंतरच टाकतात आणि सूप पिऊनही घसरडे पण अख्खे राहतात, या डिशला खरं तर तेच शोभतात. दोन, 'ड्राय' मागा, मेनूवर नाही पण देतात. यात नूडल्स सोया, तळलेल्या लसणाचं तेल आणि थोडं मिरचीचं तेल लावून कोरडे येतात, वर खारवलेली मोहरीची पानं, आणि गोळे सूपसकट वेगळ्या वाटीत. मी हल्ली हेच घेते. एक घास नूडल्स, एक गोळा, एक घोट, आपल्या स्पीडने.

बाकीचं भराभर सांगते. बफ मोमोचं आवरण जाड, सारण चांगलं, भूक जोरात असेल तर घ्या. चिली चिकन कशाला घ्यायचं ते मला माहीत नाही, कोपऱ्यावरच्या गाडीवर याहून बरं मिळतं. नुसत्या गोळ्यांचं सूप 180, हलकं खायचं असेल तर एकदम बेस्ट. भात वगैरे नाही. गोळे एक्स्ट्रा हवे तर आधीच सांगा, नंतर "बॉल खतम" ऐकावं लागतं आणि रविवारी तर आठलाच खतम.

व्हेजवाल्यांनी कृपया जाऊ नका. मेनूवर व्हेज नूडल सूप आहे, पण डाव एकच, पातेली शेजारी शेजारी, आणि वाढणाऱ्या मुलाला मी विचारलं तर तो म्हणाला, "पीस नहीं डालते, मॅडम." त्यातच काय ते समजा. हे दीदींनी मेनूवरून काढावं असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय, मोठ्या ग्रुपमध्ये एखादा शाकाहारी असतोच म्हणून ठेवलंय म्हणतात, मला पटलेलं नाही. ज्याला माहीत नसताना ते सूप पाजलं जाईल त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

पार्सल: सूप वेगळं, नूडल्स वेगळे देतात, इतकी अक्कल आहे, पण नूडल्स घरी पोचेपर्यंत एकच ढेकूळ होतं, माझ्या डब्यातून ते डब्याच्या आकारात बाहेर आलं होतं. त्यापेक्षा फक्त सूप आणि गोळे घ्या आणि नूडल्स घरी उकडा, बाजारातले साधे राइस नूडल्स चालतात. कच्चे नाही पण उकडून गोठवलेले गोळे अर्ध्या किलोच्या पिशवीत मिळतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं, 350 रुपये. घरी करताना रटरट उकळू नका, मंद आचेवर सूपमध्ये वर तरंगेपर्यंत ठेवा बस, जोरात उकळले की आकसतात आणि रस बाहेर जातो. आमच्याकडे ते रविवारच्या मॅगीतही पडतात, त्याबद्दल मिस्टरांना काही सांगू नका.

जागा स्वच्छ आहे, चकाचक नाही. टेबलं पुसतात, पण फडकं तेच. बेसिन किचनच्या दारात आहे त्यामुळे हात धुताना गरम वाडगा घेऊन येणाऱ्या मुलाच्या आडवे येऊ नका. एसी नाही. यूपीआय चालतं, कार्ड नाही. लहान मुलं असतील तर गोळे चार तुकडे करूनच द्या, अख्खा गोळा गुळगुळीत असतो, घशात अडकायची भीती, मी माझ्या भाचीला तसाच तुकडे करून देते. दोघांचं ड्राय, एक मोमो, दोन कोल्ड्रिंक मिळून आठशेच्या आत होतं, आणि इथून रिक्षाने दहा मिनिटांवर बीकेसीत एवढ्यात एकाचं रामेन येत नाही.

सोमवारी बंद. रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर आख्खं गावठाण तिथे असतं, तेव्हा टेबल मिळणार नाही आणि दीदी पण वैतागलेल्या असतात. मंगळवार-बुधवारी जा, सातच्या सुमारास, ड्राय मागा, आणि राइस नूडल्सच हवे असतील तर शुक्रवार धरा पण पावणेसातला दारात उभे राहा.